ट्रॉलीचं वजन

आमच्याकडे ट्रॉली आधी आली आणि ती ओढणारी गाडी नंतर शोधली गेली. पिंपळगाव राजाच्या लोहाराने जुन्या ट्रकच्या आसावर जाड पत्रा ठोकून ती बनवली होती. बाबांना एका खेपेत तीस पोती कांदा घाट चढवून बुलढाण्याला न्यायचा होता. त्यासाठी पिकअप बघायला आम्ही खामगावला गेलो. मला नेलं, कारण गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी कॉन्व्हेंटात शिकलेली.

विकणाऱ्याच्या आवारात दोन गाड्या होत्या. एक हिरवी, नुकताच रंग दिलेली. दुसरी लष्कराने लिलावात काढलेली, तिचं एक दार सुतळीने बांधलेलं. बाबा हिरवीभोवती तीनदा फिरले.

"तीस पोते हसत नेते, भाऊ," विकणारा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "वाच वं माय, काय लिवलं हाये?"

मी पौंडांचे किलो वहीच्या मागच्या पानावर केले. पंधरा क्विंटल ओढते, म्हणजे बरोबर तीस पोती. मी तसं सांगितलं. बाबा इसार द्यायला उठले.

तेव्हा खालची ओळ दिसली. त्या पंधरा क्विंटलात ट्रॉलीचं स्वतःचं वजनही धरलेलं होतं. मी पुस्तक मिटलं. चारचौघांत बोलायचं झालं की माझं मराठी पुस्तकी होतं आणि लोक हसतात. बाबांचा हात खिशात गेला, तशी मी त्यांची बाही धरली.

"बाबा, यात ट्रॉलीचं वजनसुद्धा समाविष्ट आहे."

"समाविष्ट," विकणारा म्हणाला आणि हसला.

बाबाही हसले. "गाडीचं वजन कोन धरते वं? बैलायनं तं कधी इचारलं नाही."

ते खरं होतं. आमच्याकडे बैलगाडीतला माल मोजतात, गाडी कुणी मोजत नाही. "मग एकदा कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॉली मोजू," एवढंच मी म्हटलं.

बाबांनी इसार दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ट्रॉली काट्यावर नेली. रिकामी नऊ क्विंटल भरली. बाबांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा नऊच. म्हणजे हिरव्या गाडीने जेमतेम बारा पोती ओढली असती.

"लोहारानं लोखंड लय घातलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या दुसरीचं पुस्तक हाये का?"

आम्ही पुन्हा खामगावला गेलो. लष्कराच्या गाडीचं पुस्तक नव्हतं. आत एक पत्र्याची पट्टी होती. धूळ पुसून मी तिच्यावरचे आकडे वाचले, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. ट्रॉली धरूनही पुरत होतं. बाबांनी तीच घेतली.

पहिल्या खेपेला घाट पहिल्या गिअरवर चढलो. बांधलेलं दार माझ्या बाजूला होतं. मी सगळी वाट सुतळी धरून बसले. वर पोचल्यावर इंजिन थंड व्हायला बाबांनी गाडी थांबवली, मागे गेले आणि पोती मोजली. तीस होती.