पाच बाय सातची चौकट

गणितज्ञांच्या आमच्या राष्ट्रीय परिषदेचा सभासद व्हायचं तर अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. ज्यांच्या घरात आधीपासून प्राध्यापक आहेत त्यांना ही अट कदाचित जाणवतही नसेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बाबा सातवी शिकलेले. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात त्यांचं पगड्या आणि लग्नाचे साफे बनवायचं दुकान आहे. तिथे मला सभासद कुठून भेटणार?

पहिली सही माझ्या कॉलेजच्या सरांनी केली. दुसरीसाठी त्यांनी मला स्कूटरवर बसवून शहरातल्याच थाटीपुरला एका निवृत्त प्राध्यापकांकडे नेलं. ते म्हणाले, "सही करतो, पण आधी एखादी गोष्ट सिद्ध करून दाखव." मी अर्जाच्याच पाठीमागे पेन्सिलीने एक सिद्धता लिहिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चहा मागवला आणि सही केली. दिल्लीच्या, कोलकात्याच्या मोठमोठ्या संस्थांमधली माणसं ज्या यादीत होती, त्याच यादीत माझंही नाव लागलं.

परिषदेचं अधिवेशन दर वर्षी वेगळ्या गावी भरतं आणि ज्याचा निबंध स्वीकारला जाईल त्याला पंधरा मिनिटं मिळतात. नामवंत असो की माझ्यासारखी नवशिकी, पंधरा म्हणजे पंधराच. त्या वर्षी अधिवेशन ग्वाल्हेरलाच होतं, माझा निबंध स्वीकारला गेला होता आणि बाबांनी जाहीर केलं होतं की ते ऐकायला येणार.

"बाबा, सगळं इंग्रजीत असतं. तुम्हाला काय कळणार?"

"तू बोलतेस ते तरी दिसेल ना! आणि थोडं आधी समजावून ठेव की. दुकानात गिऱ्हाईक विचारतात, मुलगी काय शिकते म्हणून. मी सांगतो, हिसाब. मग ते म्हणतात, हिसाब तर मुनीमही करतो."

म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले. माझा निबंध होता चौकटी भरण्याबद्दल. चौकोनी घरांची एक चौकट घ्यायची आणि हॉकीच्या काठीसारखे तुकडे घ्यायचे: घरांची एक उभी पट्टी आणि खाली बाजूला एक घर जास्त. अशा तुकड्यांनी चौकट पूर्ण भरायची, फट ठेवायची नाही, एकावर एक चढवायचं नाही. माझं म्हणणं असं होतं की चौकट फार अरुंद नसेल आणि घरांचा भागाकार बरोबर जात असेल, तर ती भरतेच. माझ्या निबंधातली सगळ्यात लहान काठी पाच घरांची: चार उभी, एक बाजूला. साफ्याच्या आत घालायचा पुठ्ठा घेऊन बाबांनी तशा सात काठ्या कापल्या. कात्रीचा हात असा की कडा एकमेकींना चिकटून बसाव्यात. पाच बाय सातची चौकट मी खडूने फळीवर काढून दिली.

"पस्तीस घरं, सात काठ्या. भरा," म्हटलं.

बाबा बसले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. धाकटा भाऊ डबा घेऊन आला आणि तोही बाबांशेजारी वाकला.

"अगं, हे काही बसत नाहीये," बाबा म्हणाले.

"बसतं, बाबा. स्पष्ट आहे ते."

"स्पष्ट आहे ना? मग बसवून दाखव."

मी बसवायला घेतलं. सहा काठ्या बसत होत्या आणि सातवी हातात राहत होती. फिरवली, उलटी केली. पुन्हा पहिल्यापासून मांडलं. निबंधात सम आकड्यांचा भाग मी चार पानं नीट सिद्ध केला होता आणि काठ्यांची संख्या विषम असली तर काय, तिथे एकच ओळ लिहिली होती: 'याचप्रमाणे, हे स्पष्ट आहे.' आम्हा गणितवाल्यांची ही जुनी खोड. जिथे कंटाळा येतो तिथे आम्ही 'स्पष्ट आहे' लिहून पुढे जातो. मी मोठमोठ्या काठ्यांची सूत्रं मांडली होती, पण सगळ्यात लहान काठी एकदाही कापून पाहिली नव्हती.

भाऊ म्हणाला, "ताई, तेरा तो गया काम से."

"गप रे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "माझं कापण्यात चुकलं असेल का गं?"

त्यांचं चुकलं नव्हतं. घरी जाऊन मी एकेका कोपऱ्यापासून सगळ्या शक्यता तपासल्या आणि संध्याकाळच्या चहापर्यंत खात्री झाली: पाच बाय सात भरतच नाही. म्हणजे माझं अर्धं प्रमेय खोटं होतं आणि ते कार्यक्रमपत्रिकेत छापून बसलं होतं. मी सरांना फोन केला. वाटलं, म्हणतील निबंध मागे घे.

सर म्हणाले, "सम भाग टिकतो ना?"

"टिकतो."

"मग तो सांग. आणि विषम भाग कुठे मोडतो तेही सांग. परिषद कशाला असते? घरी बसून तर सगळेच बरोबर असतात."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच्या हाताने बांधलेली, लग्नाला घालायची पगडी घालून शेवटच्या रांगेत बसले. सत्राध्यक्ष दक्षिणेकडचे एक वयस्कर विद्वान होते, समोर टेबलावर घंटी. मी फळ्यावर पूर्ण प्रमेय लिहिलं, आणि मग डस्टर घेऊन त्याचा अर्धा भाग पुसला. म्हटलं, छापलेल्यातलं एवढंच खरं आहे. पुसलेला भाग मी 'स्पष्ट आहे' म्हणून लिहिला होता, तो खोटा आहे. मग पाच बाय सात का भरत नाही ते कोपऱ्याकोपऱ्याने सांगितलं. घंटी वाजली तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होते.

मग अध्यक्षांनी विचारलं, "हे उदाहरण शोधलं कुणी?"

"माझ्या वडिलांनी. ते मागे बसलेत."

सगळ्या माना मागे वळल्या. बाबा उभे राहिले. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, "आप हमारी परिषद के सदस्य हैं?"

"जी नहीं," बाबा म्हणाले, "मेरी तो पगड़ी की दुकान है."

"दो सदस्यों के दस्तख़त लगते हैं. एक मैं कर दूँगा."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मी एवढी हसले की डोळे पुसावे लागले.

चहाच्या वेळी बाबांनी खिशातून त्या सात काठ्या काढल्या. क्षणात टेबलाभोवती गर्दी झाली. ज्यांचे निबंध मी भीत भीत वाचले होते ती माणसं समोशाची बशी बाजूला सारून पुठ्ठा फिरवत होती आणि बाबा त्यांना दटावत होते, "साहब, मोड़िए मत, नाप के काटे हैं." आसामहून आलेल्या एका तरुण प्राध्यापिकेने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, विषम काठ्यांनी भरणारी सगळ्यात लहान चौकट कोणती, हे आपण दोघी मिळून शोधू या का? त्या दिवसापासून आमचं एकत्र काम चालू आहे. सुधारलेला निबंध पुढे परिषदेच्या नियतकालिकात आला. त्याच्या तळाशी आभाराची एक ओळ आहे, वडिलांचे आणि त्यांच्या कात्रीचे.

अध्यक्षांनी खरोखरच अर्ज पाठवला, एका जागी सही करून. दुसरी सही मी करायची आहे. अर्ज दुकानाच्या खणात, फितींच्या रिळांखाली पडून आहे. मी दर वेळी पेन काढते आणि बाबा दर वेळी हात आडवा धरतात.

"थांब. आधी सात बाय पंधरा जमू दे. थाटीपुरच्या सरांनी तुला फुकट सही दिली होती का?"

एकवीस काठ्या लागतात त्याला, म्हणजे पुन्हा विषमच. ती चौकट भरते की नाही, हे मला ठाऊक आहे. पण सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली आहे.