तिथीची शिष्यवृत्ती

गेल्या महिन्यात एका ट्रस्टची जाडजूड स्मरणिका पोस्टानं आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर ट्रस्टवाल्यांचे फेटा बांधलेले वडील, दुसऱ्यावर त्यांच्या मुलाचं मनोगत, आणि मध्ये कुठंतरी ‘आमच्या मदतीनं घडलेले’ या मथळ्याखाली मी. दोन वेण्या, हातात लांबुळका लिफाफा, तोंडावर हसू. घडलेले म्हणे! कपाळ घडलेले. मी जी काही घडले ती यांच्या मदतीला वळसा घालून घडले, आणि एक वर्ष उशिरा घडले. पण हे छापायला गुळगुळीत कागद कोण देतो?

तेव्हा सांगून टाकते. नाव घेणार नाही, त्यांचं काय ते पितर बघून घेतील.

आमचं गाव साक्रीच्या पलीकडं, डोंगराकडं. वडील मी चौथीत असतानाच गेले. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करायची आणि मला शाळेत पाठवायची. बारावी सायन्सला मी तालुक्याच्या शाळेत मुलींत पहिली आले आणि धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला माझं नाव लागलं. मुलींच्या वसतिगृहाची जागाही मिळाली. फी भरली की झालं. आमच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांमध्ये वर्गणी काढलीही होती. तेवढ्यात जळगावहून पत्र आलं. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या घराण्यानं वडिलांच्या स्मरणार्थ ट्रस्ट काढला होता, खेड्यापाड्यातल्या दुर्लक्षित मुलामुलींना कॉलेजात घालण्यासाठी. मुख्याध्यापकांनीच कधीतरी माझा अर्ज पाठवला होता. माझी निवड झाली होती.

मुख्याध्यापकांना इतका आनंद झाला की त्यांनी ती वर्गणी दुसऱ्या एका मुलाला देऊन टाकली. ‘तुझं तर झालंच आता,’ म्हणाले. सरपंच तेच म्हणाले, मामा तेच म्हणाला. एकदा मोठ्यांनी तुमचा हात धरला असं जगजाहीर झालं की बाकीचे सगळे आपापले हात खिशात घालून मोकळे होतात. यात त्यांची चूक नाही म्हणा.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती : फीचा धनादेश वडिलांच्या पुण्यतिथीला, आषाढ शुद्ध पंचमीला, समारंभपूर्वक देण्यात येईल. दरवर्षी ही पंचमी कॉलेजच्या तारखेच्या आत यायची. त्या वर्षी अधिक महिना होता, आणि तोही नेमका आषाढाचा. म्हणजे आखाड दोनदा. पहिला अधिकाचा, दुसरा खरा. पुण्यतिथी खऱ्यात करायची, म्हणजे पंचमी महिनाभर पुढं गेली. फी भरायची शेवटची तारीख उलटून दहा-अकरा दिवसांनी ती उगवणार होती. ट्रस्टमध्ये पाच विश्वस्त होते, त्यातला एक वकील, एक डॉक्टर. एकाच्याही घरात कॉलेजच्या तारखा छापलेलं वर्तमानपत्र येत नव्हतं की काय कोण जाणे! तिथीची चूक माझ्या अडाणी मायच्या लक्षात आली. ती बोटांवर पंधरवडे मोजून म्हणाली, काहीतरी गडबड शे.

म्हणून आम्ही दोघी जळगावला गेलो. साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव, एसटीत उभ्यानं. बंगल्यावर पोचलो तर आत जेवणावळ चाललेली. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं. आम्हाला ओट्यावर बसवलं. तिथून सगळं दिसत होतं. पाटावर जावई, अंगानं चांगला भरलेला, कपाळाला गंध. समोर चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, वर चांदीचा दिवा. तो एक अनारसा खाऊन दमला होता आणि सासू आणखी एक घ्या म्हणून त्याच्या मागं लागली होती. मी सकाळपासून चहावर होते. माझी नजर त्या ताटावरून हलेना, आणि त्याची मला अजून लाज वाटते. त्यांना वाटायला हवी होती, पण वाटणी तशी झाली नाही.

तासाभरानं ट्रस्टचे प्रमुख, म्हणजे त्या दिवंगत वडिलांचे, आबांचे, थोरले चिरंजीव, बाहेर आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी कॉलेजचा कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, तारीख पाहिली आणि म्हणाले, ‘अरेरे. पण वडिलांचं काम आहे, बेटा. तिथी सोडून कसं करणार?’

माय ओट्यावरून उठली. हात जोडून म्हणाली, ‘भाऊ, अधिकमा दान करं ते पुण्य जास्ती लागस ना? मनी पोरनी फी भरी टाका.’

‘दान वेगळं अक्का, पितृकार्य वेगळं,’ भाऊ म्हणाले. जेवणासाठी आलेले गुरुजी मागं सुपारी कातरत उभे होते. ते मध्येच बोलले, ‘भाऊ, पुण्यतिथी पंचमीला करा, पण धनादेश आधी द्यायला शास्त्राची काही हरकत नाही.’ भाऊंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की गुरुजींनी सुपारी तोंडात टाकली आणि तोंड बंद केलं. ‘आबांच्या फोटोसमोर दिल्याशिवाय आबांना कसं पोचणार?’ भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

तो माणूस ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंग्याला पटवता येतं, चार लोकांत लाजवता येतं. हे तर भक्तिभावानं माझं वाटोळं करत होते. मेलेल्या बापाला पोचावं म्हणून जिवंत पोरीचं वर्ष घालवायचं, आणि वर डोळे पुसायचे! शेवटी म्हणाले, ‘कॉलेजवाले थांबतील गं. आमच्या ट्रस्टचं नाव सांग.’

फी भरायच्या शेवटच्या दिवशी मी एकटी धुळ्याला गेले आणि नाव सांगितलं. खिडकीतल्या कारकुनानं ते कधी ऐकलंही नव्हतं. मी संध्याकाळी खिडकी बंद होईपर्यंत तिथंच उभी होते. शेवटी तो म्हणाला, ‘ताई, यादीत तुझ्या मागं चाळीस जणी आहेत.’ माझी जागा दुसऱ्या दिवशी त्यातल्या पहिलीला मिळाली. बिचारीचा काय दोष?

घरी आले तर माय दारातच उभी. चेहरा असा की मला खरं सांगवेना. ‘कॉलेजवाले थांबतो म्हणाले,’ मी सांगून टाकलं.

पंचमीला सभागृह भरलं होतं. फोटोला मोगऱ्याचा हार, खाली समई, पुढच्या रांगेत मानाचे पाहुणे, तो जावईसुद्धा. माय मागं, गावाकडून आलेल्या बायांमध्ये. भाऊंनी मला बाजूला घेऊन एक कागद दिला. दरवर्षी निवडलेल्यांपैकी एकानं मनोगत वाचायचं असा रिवाज होता, आणि मनोगत भाऊच टाइप करून ठेवत. आपलं मन दुसऱ्यानं टाइप केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यात होतं : ‘आज मी कॉलेजात शिकत आहे ती केवळ आबांच्या पुण्याईनं.’

मी म्हटलं, ‘भाऊ, माझा प्रवेश गेला.’

‘गेला?’ त्यांनी फोटोकडं पाहिलं, हार किंचित सरळ केला. ‘अरेरे. पण आता पाहुणे बसलेत ना. तू वाच. पुढच्या वर्षी बघू.’

आणि मी वाचलं. एक शब्द गाळला नाही, कुठं अडखळले नाही. मुलींत पहिली आलेली होते ना! टाळ्या पडल्या. लिफाफा मिळाला, त्यात कॉलेजच्या नावाचा धनादेश, जो त्या कॉलेजानं घेतलाच नसता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, आणि त्या घोड्यासोबत माझा फोटोही काढून झाला. मी खाली आले तर मागच्या रांगेत माय शेजारी बसलेल्या बाईचा हात धरून आपल्या लेकीबद्दल सांगत होती, ‘मनी आंडेर शे ती. कालेजमा शिकस.’

स्टँडवर तिनं अर्धा किलो पेढे घेतले, गावात वाटायला. मी घेऊ दिले. एसटीत खिडकीशी बसून ती एरंडोलपर्यंत बोलतच होती : वसतिगृहात पांघरूण कोणतं न्यायचं, तेल न्यायचं की तिकडं मिळतं, शनिवारी घरी येता येईल का. इतकी बोललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. पारोळा आलं. पुढं धुळं आलं की ती म्हणेल, चल तुनं कालेज दाखव, हे मला दिसत होतं.

‘माय, मनी जागा गई,’ मी म्हटलं. ‘दहा दिन पहिलेच गई.’

तिला कळायला वेळ लागला. भाऊंना ती काही बोलेल, शिव्याशाप देईल, मला जवळ घेऊन रडेल असं वाटलं होतं. मी त्यासाठी तयारही होते. तिनं पेढ्यांचा पुडा मांडीवरून उचलून पायांपाशी ठेवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

‘मंग तू ते कसाले वाचं?’ तिनं विचारलं.