माउंट रॉस्किलमध्ये प्रवरेचे थर

बुधवारचे किस्से मुद्दाम कुणी जमवले नाहीत. सात-आठ रिटायर्ड माणसं, लायब्ररीमागची एक फुकट खोली आणि चहाचा थर्मास एवढं एकत्र आलं, की फ्रीजमध्ये उरल्यासुरल्या भाजीचे डबे साठावेत तसे किस्से साठत जातात. परवा लेक म्हणाली, "आई, तेच तेच मला सांगण्यापेक्षा लिहून काढ." तिचा त्रास वाचावा म्हणून लिहितेय!

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये तेव्हा दर दोन-चार घरांआड कुणाचे तरी आईवडील महाराष्ट्रातून येऊन राहिलेले असायचे. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि आम्ही खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बसेस बघत बसलेलो. त्यावर उपाय म्हणून हा बुधवार निघाला. आधी भजन ठेवलं, तर पट्टीवरून भांडणं झाली. मग ठरलं, ज्याला जे येतं त्यानं ते सांगायचं.

खळदकर सरांना एकच येत होतं. पुराणवस्तू खात्यात त्यांनी तीस वर्षं मातीच्या थरांची चित्रं काढली होती. प्रवरेच्या काठी माणूस राहायला लागल्यापासून कोण कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, "एका बुधवारी एक थर."

आम्ही म्हटलं, होऊ दे! घरी बसून तरी काय करणार?

*

पहिल्याच दिवशी बँकेतून रिटायर झालेल्या मराठेकाकांनी आक्षेप घेतला. सरांनी फळ्यावर सगळ्यात वर पेशवाई लिहिली होती आणि सगळ्यात खाली अश्मयुग.

"अहो, सुरुवातीपासून सुरुवात करा की!"

"सुरुवातीपासूनच करतोय," सर शांतपणे म्हणाले. "खणताना आधी वरचंच लागतं. वरचा थर पूर्ण समजल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, ही आमची शिस्त."

मराठेकाकांनी क्षणभर हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे महाराज पहिल्याच आठवड्यात संपणार?"

महाराज वीस मिनिटांत संपले. तो थर म्हणे हातभरच जाडीचा होता. मराठेकाका दोन आठवडे सरांशी फक्त कामापुरतं बोलले.

त्यातून सातवाहनांच्या थरात रोमहून आलेल्या दारूच्या रांजणांचे तुकडे निघाले. मराठेकाका आयुष्यात सुपारीच्या खांडालाही न शिवलेले. त्यांनी हात वर केला. "रिकामे आले असतील. पाणी भरायला."

सर म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही." एवढ्यावर दोघांचं पुन्हा जमलं.

*

आमच्यात एक सगुणामावशी होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, नऊवारीवर लोकरीचा कोट आणि पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या अंगठ्याच्या रबरी चपला. मोज्यांवर जँडल्स! त्या खुद्द प्रवरेकाठच्या. सरांचा खोदकामाचा कॅम्प कुठे होता ते ऐकल्यावर त्या पुढे वाकून सरांकडे बघायला लागल्या.

"मास्तर, नदीपल्याड टेकाडावर टोप्या घालून बसायचे, ते तुमीच का?"

"आम्हीच, मावशी."

"अगं बया! आमी बाया धुणं धुताना हसायचो. म्हणायचो, ब्रशानं जमीन झाडत्यात. झाडून झाडून किती झाडणार?"

सर पोट धरून हसले. सासूबाई गेल्यापासून बाबा असे हसले नव्हते, असं त्यांची सून मला नंतर म्हणाली.

मावशींच्या घरी मात्र त्या वर्षी एका कागदावरून घोडं अडलं होतं. गावातली घराची जागा त्यांच्या नावावर होती. घर कधीच पडून गेलेलं, नुसतं मोकळं परस. धाकट्या दिराचा मुलगा बायकोपोरांसह पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता, त्याला तिथं घर बांधायचं होतं. मावशींची एक सही मिळाली की झालं. त्यांचा पुतण्यावर जीव. "बांधू दे की, त्याचंच हाये," असं त्या स्वतःच म्हणायच्या. पण कागद पुढे आला की सही काही व्हायची नाही.

एकदा अमावास्या होती. एकदा अंगठा दुखत होता. एकदा त्या तासभर चष्मा शोधत राहिल्या, शेवटी नात वैतागून ओरडली, "आजी, इट्स ऑन युअर नोज!"

मावशींचा मुलगा संजय सॉफ्टवेअरमध्ये, स्वभावानं गरीब. मला घरी सोडताना गाडीत म्हणाला, "मावशी, आई नाही पण म्हणत नाही हो. कारण कळलं तर काहीतरी करता येईल. वर्ष झालं, तो बिचारा पावसाळ्यात पोरं घेऊन पत्र्याखाली बसलाय." मला काय कळणार? मी म्हटलं, विचारून बघते. विचारलंही. मावशींनी मला कुळथाच्या पिठल्याची कृती सांगितली.

*

सरांच्या सुनेनं एकदा त्यांना सांगितलं, "बाबा, मागच्या अंगणात कोथिंबिरीसाठी जरा खणून द्या ना."

सरांनी चार खुंट्या रोवल्या, दोरी बांधली आणि मीटरभर चौरस खड्डा घेतला. फावडं नाही, गवंड्याची थापी आणि ब्रश! तीन आठवडे काम चाललं. वरच्या थरात चमकीच्या बांगडीचा तुकडा निघाला. त्याखाली काचेची गोटी आणि जँडलचा तुटका पट्टा. त्याच्याही खाली निळ्या फुलांच्या कपाची कपची. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी.

अशात घरमालकाकडून तपासणीला बाई आली. भाड्याच्या घरात ती दर तीन महिन्यांनी यायचीच. बघते तर सरळसोट भिंतींचा गुडघाभर खड्डा, भोवती दोरी आणि आत उकिडवा बसलेला म्हातारा. तिनं घाबरत विचारलं, यात काय ठेवणार आहात?

"कोरिएंडर," सरांचा मुलगा म्हणाला. त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

सरांनी तिला पिशव्या दाखवल्या. "मॅडम, बिफोर अस, थ्री कल्चर्स!" तिनं निळ्या फुलांची कपची हातात घेतली, बराच वेळ बघितली. म्हणाली, माझ्या आजीकडे हेच कप होते. मग फॉर्मवर खड्डा बुजवायची सूचना लिहून ती गेली.

सरांनी खड्डा बुजवला, पण त्याआधी तळाशी एक रुपयाचं नाणं ठेवलं. त्यांच्यात तशी पद्धत असते म्हणे. पुढे कुणी खणलं तर त्याला कळायला हवं, की आपल्याआधी इथे कुणीतरी येऊन गेलंय.

कोथिंबीर ते अजूनही दुकानातूनच आणतात.

*

हा किस्सा सरांनी स्वतःवरचाच सांगितला, त्याबद्दल त्यांचं कौतुक. त्यांच्या शेजारी वायरेमू नावाचे रिटायर्ड बसड्रायव्हर राहायचे. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतले गृहस्थ, सकाळी कुंपणापलीकडून "किया ओरा" म्हणणार म्हणजे म्हणणार. एके दिवशी सर जरा तोऱ्यात आले. म्हणाले, तुमच्या देशात माणूस येऊन सातशे-आठशे वर्षं. आमच्या एका नदीकाठी दगडाची हत्यारं लाख वर्षांपूर्वीची आहेत.

वायरेमू म्हणाले, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या बोलीत 'छानच की', आणि पायरीवर बसून त्यांनी आपल्या बापाचं नाव सांगितलं. मग आज्याचं. मग पणज्याचं. मग त्याच्या बापाचं. असं एकेक नाव घेत ते थेट त्या होडीपर्यंत पोचले, जिच्यातून त्यांचे पूर्वज समुद्र ओलांडून आले होते. होडीचंही नाव सांगितलं. चहा पार गार झाला.

"युअर टर्न, मेट."

सरांनी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं सांगितलं. श्राद्धाला लागतात तेवढी तीन नावं झाली आणि गाडी थांबली. लाख वर्षांचा माणूस तीन पिढ्यांत आटोपला!

वायरेमूंना दया आली. सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नो वरीज. यू हॅव हीप्स ऑफ पॉट्स."

*

मग आला रिकामा थर. सातवाहनांच्या खाली नुसती माती. भांडं नाही, चूल नाही, राख नाही. कित्येक शतकं तिथे कुणी राहिलंच नव्हतं. सर म्हणाले, "पुढच्या बुधवारी या थरावर बोलेन."

मराठेकाका म्हणाले, "तिथे कुणीच नव्हतं, तर मी तरी येऊन काय करू?" आणि खरंच आले नाहीत! त्यात पाऊस. आम्ही तिघंच होतो. सर, सगुणामावशी आणि मी. सर तरी सलग सव्वा तास बोलले. मला वाटतं, तेच त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण होतं. पाऊस कमी होत गेला, गहू पिकेना, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि एक दिवस लोक उठून गेले.

"बहात्तरला आमीबी निघालो व्हतो," मावशी म्हणाल्या. "गाढवावर भांडी घातली. दारं उघडीच टाकली, लावून काय करायचं?"

"मग परत कशा आलात?"

"सगळे खडी फोडायच्या कामावर थांबले. मी एकली आले. जागेला दिवा नको का कुनी लावायला?"

सरांनी खिशातली वही काढून हे लिहून घेतलं. खाली लिहिलं, माहिती देणार सगुणाबाई, स्थळ माउंट रॉस्किल.

*

आता शेवटून दुसरा बुधवार. तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकदमच वापरणाऱ्या शेतकऱ्यांचा थर, तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी सगळे हजर होते. मराठेकाकाही.

सरांनी तोटीच्या सुरेख भांड्यांचे फोटो दाखवले. मग एक चित्र दाखवलं, स्वतः काढलेलं. घराची जमीन, जमिनीत खड्डा, खड्ड्यात दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत तान्हं मूल. सर म्हणाले, "दगावलेली लहान मुलं हे लोक अशी पुरत. गावाबाहेर नाही, राहत्या घरातच."

"घरात?" मराठेकाका म्हणाले. "आणि वर जेवायचे, झोपायचे?"

"हो. का, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. एक मत असं की..."

"त्यात मतभेद कशाला?" सगुणामावशी म्हणाल्या. "भाईर थंडी अस्ती."

सरांच्या हातातलं चित्र तसंच राहिलं.

"माझी पयली अकरा दिवसांची गेली," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, पिठलं सांगताना होता तसाच. "पौषात. मामंजींनी परसात कडुलिंबाखाली ठिवली. मी म्हनले व्हते, चुलीमागं ठिवा. बाळंतिणीचं कोन ऐकतंय?"

मी त्यांचा हात धरला.

मग त्यांनीच विचारलं, "मास्तर, तुमची ती मडक्यातली लेकरं आता कुठं हायत?"

सरांनी चित्र खाली ठेवलं. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "खोक्यांमध्ये, मावशी. आमच्या इमारतीत. कपाटात ठेवलीत, नंबर घालून."

"छपराखाली?"

"हो. छपराखाली."

"मंग बरं," मावशी म्हणाल्या आणि थर्मासकडे वळल्या. "चहा घ्या, गार होतोय."

चार दिवसांनी संजयचा फोन आला. आवाजात आनंद आणि गोंधळ दोन्ही.

"मावशी, आईनं सही केली! स्वतः कागद मागून घेतला. पण एक अट घातलीय हो. म्हणते, परसात कडुलिंबाचा बुंधा आहे, स्वयंपाकघर बरोबर तिथंच यायला पाहिजे. आणि तिथं खणायचं नाही, वरून भर घालायची आणि त्यावर ओटा. मी नकाशा बघितला, तो बुंधा येतो वायव्येला. तिकडे गावात वास्तुवाला म्हणतोय, स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. आईला हे वायव्येचं कुणी सांगितलं काय माहीत. काय सांगू मी त्याला?"

मी म्हटलं, "त्याला सांग, चूल वायव्येलाच."