गाळलेलं घर

नागपुरातलं एक घर आजही माझ्या मागे लागलं आहे, आणि त्या घरात मी कधी पाऊलही टाकलेलं नाही.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गोरे मिशनरी एकेक करून मायदेशी निघाले होते, आणि उद्याचे पाळक आमच्या ख्रिस्ती मंडळीला आता आपल्यातूनच घडवायचे होते. म्हणून देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, खोलीत आम्ही तिघं उमेदवार राहायचो. मंडळीचे तेव्हाचे पाळक म्हणजे पादरीसाहेब; त्यांची शिकवायची रीत अजब होती. पुस्तकं बेताचीच, खरा धडा सकाळचा. डोळे मिटायचे, मनानंच मंडळीच्या वस्तीतून चालत जायचं आणि एकेका दाराशी थांबून त्या घरातल्या माणसांची नावं घेत मोठ्यानं प्रार्थना करायची. घरं शंभरावर होती आणि यादी समोर ठेवायची सोय नव्हती.

पादरीसाहेब खुर्चीत मान टाकून ऐकत. झोप लागली असं वाटे, पण घर सुटलं की लगेच टोकत. सुटलेल्या घरी त्याच दिवशी जायचं आणि त्यांच्यात बसून जेवायचं, हा नियम. "डोकं विसरते, पोट नाही विसरत," असं म्हणत.

तिघांतल्या एकालाच शिफारसपत्र मिळणार होतं. पुढचं शिक्षण आणि दीक्षा त्यावरच. ते मला इतकं हवं होतं की दुसऱ्यानं घर गाळलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. लिहिताना लाज वाटते, पण होतो मी तसा.

मी घरं गाळत नसे. एकच सुटायचं. गिरणीमागच्या चाळीत शेवटच्या खोलीत एक साचेवाला, गिरणीतला माग चालवणारा, राहायचा. पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालवणाऱ्या घरातला हा माणूस पोटासाठी गिरणीत शिरला आणि तिथे क्षय घेऊन बसला. प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागे, म्हणून तो आपण होऊन रांगेत सर्वांच्या मागे उभा राहायचा. पुढे येईनासाच झाला. माझ्या थोरल्या बहिणीला त्याच रोगानं नेलं होतं. तो खोकला मी रात्रंदिवस ऐकला होता. प्रार्थनेत त्या चाळीपाशी पोचलो की तो मला खरोखर ऐकू यायचा, आणि मी घाईनं पुढच्या गल्लीत शिरायचो.

दोनदा पादरीसाहेबांनी ते चालवून घेतलं. तिसऱ्यांदा डोळे न उघडता म्हणाले, "ते शेवटचं घर काहून गाळतं गा तू?"

"विसरलो, साहेब."

"मंग आज जाय. मी निरोप धाडतो. जेवून ये."

गेलो, पण चाळ दिसेपर्यंतच. खोकला ऐकू आला. खरा की मनातला, देव जाणे. पाय पुढे पडेना. चाळीसमोरच्या हॉटेलात बसलो, आलूबोंडा खाल्ला, दोनदा चहा घेतला. आजाऱ्यासाठी दोन संत्री नेली होती, तीही मीच सोलून खाल्ली. दुपार कलल्यावर परतलो.

"जेवला?" पादरीसाहेबांनी विचारलं.

"हो. भाकर होती, वांग्याची भाजी होती."

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

पादरीसाहेब स्वतः दर बुधवारी त्या घरी जात. त्या बुधवारी ते परतले तेव्हा मी देवळाच्या पायऱ्या झाडत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं केलं," एवढंच म्हणून आत गेले. त्या घरी माझ्याबद्दल विचारायचं विसरले असतील, सुटलो, असं मला वाटलं.

दहा-बारा दिवसांनी तो माणूस गेला. खड्डा आम्ही तिघांनी खणला. दफनाची प्रार्थना वाचायचा मान मला मिळाला, म्हणजे आता माझंच नाव पक्कं, हे सगळ्यांना कळलं. वाचता वाचता खोकला ऐकू आला आणि माझी ओळ चुकली. पाहिलं तर त्याची बायको तोंडाला पदर लावून खोकत होती. मी आवाज चढवून पुढे वाचलं. पोट्टा तयार झाला, असं लोक म्हणाले.

माती देऊन सगळे पांगले तशी ती माझ्याजवळ आली. सलाम केला.

"भाऊ, त्या दिवशी तुमी हाटेलात बसले होते, ते त्यायनं खाटेवरून खिडकीतून पायलं," ती हळूच म्हणाली. "मी ताट वाढून वाट पाहून राहिली होती. म्हटलं, बलावू का? तं म्हणे, नको वं, भेलं हाये पोट्टं. ताटही उचलू देलं नाही सांजेपर्यंत, आलं तं उपाशी जाईन म्हणे."

मी विचारू लागलो, "पादरीसाहेबांना..."

"त्यायनंच सांगतलं साहेबाले, पोट्टा पोटभर जेवून गेला म्हणून. मी म्हटलं, मरतीखेपी खोटं काहून बोलता? तं म्हणे, नाही तं त्याचं काम अडन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पादरीसाहेब दहा पावलांवर हात धुवायला थांबले होते. जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. मी गेलो, लोटा उचलला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिफारसपत्र लिहिलं. ज्या दारात पाय ठेवायला मंडळी भिते, तिथे हा मुलगा मांडी घालून जेवून आला आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं. त्या पत्रावर मी पाळक झालो.