गोठ्याजवळच्या दोघी

"पुसा ते, म्याडम. आताच्या आता पुसा. माह्या समोर."

चौथीचा वर्ग. दुपारची सुट्टी नुकतीच संपलेली. माझ्या खुर्चीवर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बसलेले. गाव त्यांना भाऊ म्हणतं, मीही भाऊच म्हणायचे. टेबलावर शाळेचा टॅब, टॅबवर एक चित्र. मी उभी. माझ्या बाजूला रोशनी, नऊ वर्षांची, जिने ते चित्र काढलं होतं. आणि दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे रोशनीची आई. धानाच्या बांधीत निंदणाला गेलेली, तिथून माणूस पाठवून तिला बोलावून आणलं होतं. पोटरीपर्यंत चिखल. पाय धुवायलाही वेळ दिला नव्हता.

बाकीची एकोणीस मुलं जमिनीवर बसून हे सगळं बघत होती.

"पोरगी खोटं बोलते का नाई, सांग," भाऊ तिच्या आईला म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना आवाज चढवावा लागतच नाही.

आई मान खाली घालून म्हणाली, "लहान हाय ते, भाऊ. तिले का समजते."

"आमच्याच घरचं खाऊन आमचीच बदनामी. बाप्पा, पोट्ट्याईले हेच शिकवून राहिल्या का म्याडम तुमी?" मग ते माझ्याकडे वळले. "तुमी तं होत्या ना त्या दिवशी जेवाले. हे अन हिची जाऊ, दोघी गोठ्यापाशी बसल्या होत्या काय? तुमाले दिसल्या?"

मी त्या दिवशी तिथे होते. दोघी गोठ्याजवळच बसल्या होत्या. मी पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला दिसलं नाही."

मग मी चित्रावर बोट दाबून धरलं. अ‍ॅपने विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं का? खाली होय आणि नाही. बोट पहिल्यांदा नाहीवर पडलं. भाऊ म्हणाले, "नीट दाबा." मी नीट दाबलं. चित्र गेलं. रोशनी माझ्याकडे बघत होती. भाऊंकडे नाही, आईकडे नाही. माझ्याकडे.

आता हे चित्र आलं कुठून ते सांगते.

मी तुमसर तालुक्यातल्या, बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात शिक्षण सेवक आहे. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग नोकरी पक्की. माझे सात महिने राहिले होते. भंडाऱ्याला एक प्रशिक्षण झालं, तिथे फुकटची अ‍ॅप दाखवली. एक फारच आवडलं. बोटाने चित्र काढायचं, रंग भरायचा, माइकचं बटण दाबून त्या चित्राबद्दल आपल्या आवाजात बोलायचं. पानं जोडली की गोष्ट तयार. इंटरनेट नसलं तरी चालतं. पालकांना दमडी खर्च नाही. शाळेत दोन टॅब होते, कपाटात धूळ खात पडलेले. मी ते बाहेर काढले.

मुलांनी काय काय केलं. कुणी तलावावरचा बगळा काढला आणि आवाजही स्वतःच बगळ्याचा दिला. एकाने ट्रॅक्टर काढला, तो चिखलात फसतो तेव्हा बाप कसा ओरडतो ते शिव्यांसकट रेकॉर्ड केलं. शिव्या कापता कापता माझी हसून पुरेवाट झाली. वाचताना अडखळणारी मुलं त्या माइकपुढे घडाघडा बोलत होती. मी खूश होते. मुलांपेक्षा मीच जास्त.

मग विषय दिला, रोवणा, म्हणजे धानाची लावणी. रोवणा संपतो त्या दिवशी मालक सगळ्या बायांना जेवायला घालतो, आमच्या भागात ही रीतच आहे. मुलांना म्हटलं, जेवणाच्या दिवसाचं चित्र काढा. जसं पाहिलं तसं काढा. हे वाक्य माझं होतं.

रोशनीने भाऊंचं अंगण काढलं. निळा ड्रम, तुळस, बायांची लांब रांग, प्रत्येकीपुढे स्टीलचं ताट. कडेला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर मी. पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. आणि अंगणाच्या बाहेर गोठा, गोठ्याजवळ दोन बाया. त्यांच्यापुढे ताट नाही, पळसाच्या पानाची पत्रावळ. माइकवर ती म्हणाली होती, "हे रोवणा संपल्याचं जेवन. ह्या साऱ्या बाया. हे आमच्या म्याडम, खुर्चीवर. हे माही माय अन माही काकू. आमी पत्रावळी घरून नेतो."

तक्रार नव्हती ती. आवाजात खुशी होती. त्या दिवशी बुंदी होती, तेही तिने पुढे सांगितलं होतं.

मी ते चित्र पाहिलं. आवाज ऐकला. शाबास म्हटलं. आणि पालकांच्या ग्रुपवर बाकीच्या चित्रांबरोबर पाठवून दिलं.

मला त्यात काहीच खटकलं नाही. माझी सगळी लाज इथे आहे. लोक म्हणाले म्याडमनं मुद्दाम केलं, डाव टाकला. मुद्दाम केलं असतं तर मी आज ताठ मानेने सांगितलं असतं. मला त्या चित्रात वेगळं काही दिसलंच नाही, कारण मी जन्मापासून तेच बघत आले. अंगणात एक रांग आणि गोठ्याजवळ दोघी. जेवण म्हणजे असंच असतं.

भाऊंनाही आधी काही खटकलं नव्हतं. त्यांनी तर त्या चित्राखाली अंगठा टाकला होता. त्यांचा मुलगा नागपूरला शिकतो. फिरत फिरत चित्र त्याच्या मित्रांपर्यंत गेलं, मित्र त्याच्यावर हसले, मुलाने बापाला फोन केला. तेव्हा कुठे भाऊंना आपल्याच अंगणातला गोठा दिसला.

माझ्याबद्दल सांगते. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढच्या एका खेड्यातली. जातीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पत्रावळीवरून कळलंच असेल. माझी आई रोवण्याला जायची तेव्हा पदरात पळसाची पानं बांधून न्यायची. मी नऊ वर्षांची असताना एकदा तिच्यासोबत गेले. बुंदी वाढत होते. आमच्याकडे यायला वेळ लागत होता म्हणून मी उठून सरळ अंगणात गेले आणि हात पुढे केला. मालकिणीने मला मारलं नाही. ती बादली घेऊन आली आणि मी उभी होते तिथे शेणाचं पाणी टाकलं. मी अजून तिथेच उभी होते. पाणी माझ्या पायांवर पडलं. रांगेतल्या बाया जेवत राहिल्या.

आई मला ओढत घेऊन गेली. "चाल, पाय धू," एवढंच म्हणाली. नंतर वाढलेली बुंदी तिने पानातच सोडली.

त्या दिवसापासून मी ठरवलं की शिकायचं आणि ताटात जेवायचं. शिकले. माझं आडनाव असं आहे की ते तीनचार जातींत सापडतं. या गावात खोली बघायला आले तेव्हा घरमालकाने आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्याने त्याला हवं ते समजून घेतलं. मी दुरुस्त केलं नाही. घरमालक म्हणजे भाऊंचाच चुलतभाऊ.

तेव्हापासून मी भीतीतच राहिले. गावाकडून कुणी भेटायला येऊ नये म्हणून भीती. फोनवर आईशी बोलताना खिडकी लावून घ्यायचे. भाऊंच्या अंगणात त्या खुर्चीवर बसून जेवले, तेव्हा प्रत्येक घासाला वाटत होतं की आता कुणीतरी विचारेल, म्याडम, तुमचं नेमकं कोणतं? गोठ्याकडे मी एकदाच पाहिलं. रोशनीची आई पत्रावळीवरून वर बघत होती. मी मान फिरवली. बुंदी गोड होती की नव्हती, मला आठवत नाही.

चित्र पुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रोशनी शाळेत येईल असं मला वाटलं नव्हतं. ती परिपाठाच्याही आधी आली.

"म्याडम, टॅब देता का?"

दिला. नाही म्हणायचं तोंड नव्हतं. ती खिडकीखाली बसली आणि काढू लागली. मी हजेरी लिहायचं नाटक करत होते. अर्ध्या तासाने तिने टॅब माझ्यापुढे ठेवला. तेच अंगण. निळा ड्रम, तुळस, रांग, ताटं. गोठ्याजवळ दोघी, पत्रावळी. सगळं तसंच. फक्त खुर्ची रिकामी होती.

"मी कुठे आहे?" मी विचारलं.

"तुमी काल म्हनल्या ना, तुमाले दिसलं नाई," ती म्हणाली. "म्हून मी समजली, तुमी तिथं नवत्याच."

टोमणा नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीने सरळ हिशोब लावला होता. जी बाई तिथे होती तिला दिसलं असतं. हिला दिसलं नाही, म्हणजे ही नव्हती. माझ्या पायांवर पुन्हा ते पाणी पडलं. या वेळी बादली माझ्याच हातात होती.

मी तिला परिपाठाला पाठवलं आणि टॅब घेऊन बसले. मला चित्र काढता येत नाही. तरी तिच्याच चित्रात गोठ्याजवळ तिसरी आकृती काढली, लहान, दोन वेण्या. मग माइकचं बटण दाबलं. तीन वेळा बोलले, तीन वेळा पुसलं. चौथ्या वेळी बोलले तसंच ठेवलं. "ही तिसरी मी आहे. तुमची म्याडम. माझी आईसुद्धा पत्रावळ घरून न्यायची. माझ्या पायांवर शेणाचं पाणी टाकलं होतं. भाऊंच्या अंगणात मी खुर्चीवर बसले होते. गोठ्याजवळच्या दोघी मला दिसल्या होत्या. मी खोटं बोलले."

पण पाठवायचं कसं? माझी नोकरी गेली तर मी शहापूरला परत जाईन. रोशनीची आई कुठे जाईल? तिला रोज भाऊंच्याच बांधीत उतरायचं आहे. दुपारच्या सुट्टीत मी बांधीवर गेले. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डबा उघडून बसली होती. तिला चित्र दाखवलं, माझा आवाज ऐकवला आणि विचारलं, "पाठवू का?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता मले कायले विचारता, म्याडम? काल पुसतानी विचारलं होतं काय?"

तिने दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाठवा. पन पोरीच्या नावानं नोका पाठवू. तुमच्या नावानं पाठवा. तुमचं नाव मोठं हाय."

मी तिथेच, धुऱ्यावर उभी राहून, नवं चित्र स्वतः काढलं. रोशनीची एक रेघही ठेवली नाही. वाकडं अंगण, वाकडा गोठा, गोठ्याजवळ तिघी. खाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट. आवाज जोडला आणि ग्रुपवर टाकलं.

शाळेत पोचेपर्यंत निळ्या खुणा आल्या होत्या. कुणीच काही लिहिलं नव्हतं. तीनच्या सुमारास भाऊंची मोटरसायकल फाटकात थांबली. त्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं.

ते आत आले. या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. माझ्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं आणि एक पाऊल मागे झाले. कालपर्यंत ती खुर्ची चालत होती.

"पुसा," ते म्हणाले.

"नाही पुसणार."

"तुमाले दिसून राहिलं काय, तुमी काय करून राहिल्या?"

"आता दिसतंय, भाऊ."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "आमच्या घरी जेवल्या तुमी. ताटात." हे त्यांनी इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हटलं की क्षणभर मलाच अपराधी वाटलं. मग ते गेले.

त्याला आता महिना झाला. माझ्याविरुद्ध अर्ज गेला आहे. मुलांचा वापर करून मोबाइलवरून गावात तेढ पसरवली, असं त्यात लिहिलं आहे. चौकशी व्हायची आहे. खोली सोडावी लागली. सहा मुलांचे पालक त्यांना शाळेत पाठवत नाहीत. रोशनीच्या आईला भाऊंच्या बांधीत काम नाही. ती आता पलीकडच्या गावात जाते, रोज चालत. याला मी जबाबदार आहे. ती मला काही म्हणत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

भीती गेलेली नाही. कुणी म्हणतं, एकदा बोललं की भीती जाते. जात नाही. मोटरसायकल वाजली की अजून माझ्या हातातून खडू पडतो. मी बसने येते, थांब्यापासून शाळेपर्यंत मागे वळून बघत चालते.

काल मी मुलांना नवा विषय दिला. विषय आहे, आपल्या गावात कोण कुठून पाणी भरतं. चौदा मुलं आली होती. दोन टॅबवर आळीपाळीने चित्रं सुरू झाली आहेत. रोशनी सगळ्यांत आधी बसली. मी त्यांना तेच वाक्य पुन्हा सांगितलं, जसं पाहिलं तसं काढा.

या वेळी मी प्रत्येक चित्र नीट बघणार आहे. गोठा कुठे आहे, कोण कुठे बसलंय, कुणाच्या हातात काय आहे. कुठलंच चित्र मुलाच्या नावाने जाणार नाही, सगळ्यांखाली माझंच नाव असेल. नीट बघणार, आणि मग पाठवणार.