छबूबाईंच्या गौरीचं बाळ

श्रीरामपूरच्या मार्थाबाई शिवणाच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, पण घरात लेकी बक्कळ. काचेच्या कपाटात ओळीनं बसलेल्या, सगळ्या फ्रान्सच्या. मिशनची मडम मायदेशी परतताना एक जुनी बाहुली हातात ठेवून गेली, तेव्हापासून बाईंना हा नाद लागला. तोंड चिनी मातीचं, पण चकाकी नाही. खऱ्या गालासारखं मऊ दिसायचं. बिस्क म्हणतात त्या मातीला, हे मडमेनंच सांगितलेलं. नगरचा जुना बाजार, बंगल्यांचे लिलाव, बाई सगळीकडे हुडकत फिरायच्या. एकीचं तर हातापायांसकट नुसतं धडच मिळालं होतं. त्याला मुंडकं काही केल्या सापडेना.

एकाहत्तरच्या भाद्रपदात शाळेतल्या पुष्पावतीबाई म्हणाल्या, "आमच्या शेवगावात छबूबाईंच्या गौरीपुढं बाळ असतं बघा, नुसतं मुंडकंच. डोळे अगदी तुमच्या बाहुल्यांसारखे, निळे."

बाईंनी धड पिशवीत घातलं आणि एसटी गाठली.

छबूबाईंच्या ओसरीवर गौरी बसल्या होत्या. पुढं तांब्यावर ठेवलेलं ते मुंडकं, कपाळाला कुंकू, खाली झबलं गुंडाळलेलं.

"सासू माजी नगरच्या कॅम्पात साहेबाची पोरं संबाळायची," छबूबाई म्हणाल्या. "पोरीनं बाहुली फोडली, मुंडकं तेवढं सासूनं उचलून आनलं."

"मी ख्रिस्ती आहे. हात लावला तर चालेल?"

"अवो, बाळच साहेबाच्या घरचं! त्याला काय इटाळ?"

बाईंनी मुंडकं अलगद उचललं. मानेमागं फ्रेंच अक्षरं होती. पिशवीतून धड काढलं, रबर ओवून मुंडकं बसवलं. चपखल बसलं! छबूबाई हरखल्या. त्यांनी बाहुलीचा हात वळवून पाहिला, कोपर वाकवून पाहिलं, आणि शेजारणींना हाका मारत सुटल्या, "अगं या गं, बाळाला हातपाय फुटले!"

मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "आता न्याल व्हय हिला?"

मार्थाबाईंना न्यायची तर फार होती. पण त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "तुमचं बाळ आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

छबूबाईंनी थोडा विचार केला. "उंद्या गौरी उठल्या की न्या. वरीसभर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. पन गौरीला माहेरी आनायची!"

पुढच्या भाद्रपदात कंडक्टरनं बाईंच्या मांडीवरच्या बाहुलीकडे बघून विचारलं, "हिचं अर्धं काढू का?" सगळी गाडी हसली.

शेवगावच्या स्टँडवर छबूबाई आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनी बाहुली कडेवर घेतली, तिची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "वाळलीस गं! बाई खायाला घालत न्हाईत व्हय?"