पत्ते काळजीपूर्वक लिहिण्याबाबत

आता काय सांगू, माझ्या हुशारीचा हा पराक्रम मी घरीसुद्धा बोललो नाही. पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

मी धारगळचा. डिचोलीच्या एका कारखान्यात कंप्युटर सांभाळतो. त्या दिवशी दहाच्या सुमारास ऑफिसचा मेल सर्व्हर कोसळला. उठवला, दोन मिनिटांत परत आडवा. पुन्हा उठवला, पुन्हा तेच. शिगम्यात पिऊन पडलेला माणूससुद्धा याच्याहून जास्त वेळ उभा राहतो!

आणि नेमका मुरगाव बंदरात आमचा माल जहाजावर चढायचा होता. तीनपर्यंत कागद मेलने पोचले नाहीत, तर माल धक्क्यावरच राहणार. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. साहेब मागे असले की डोकं चालवायचं नसतं, चालतंय असं दाखवायचं असतं.

नोंदी पाहिल्या. कोणीतरी मेलवर वेडावाकडा पत्ता घातला होता आणि आमचं जुनाट सॉफ्टवेअर तो वाचतावाचताच मान टाकत होतं. मेल रांगेत तसाच. सर्व्हर उठला की पहिल्यांदा तोच हातात घ्यायचा.

मेल कोणाचा, हे बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी थांबलो का? छे! सरळ डिस्पॅचच्या सुलभाताईंकडे बोट दाखवलं. वयाने आईएवढ्या, एका बोटाने टाईप करणाऱ्या. सर्व्हर पडला तेव्हा त्याच मेल पाठवत होत्या. आणखी काय पुरावा हवा?

“पत्ता मी तीनदा वाचून बघितला रे, पुता,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी सगळ्यांदेखत त्यांना पत्ता कसा लिहावा यावर प्रवचन दिलं. गाडी बाहेर गेली होती, म्हणून साहेबांनी कागद छापून ताईंनाच बसने मुरगावला धाडलं. डिचोली, पणजी, वास्को, वर भर दुपारचं ऊन.

त्या गेल्यावर मी सावकाश रांग उघडली. मेल माझा होता. सकाळी सगळ्या स्टाफला सूचना पाठवताना प्रत स्वतःला ठेवली आणि स्वतःच्याच पत्त्यात ॲटचं चिन्ह दोनदा टाकलं होतं. वर सर्व्हर उठला की ‘सूचना गेली नसेल’ म्हणून तीच परत पाठवत होतो. अशा सात सूचना रांगेत होत्या. विषय: ‘पत्ते काळजीपूर्वक लिहिण्याबाबत’.

सातही पुसल्या. सर्व्हर सुतासारखा सरळ झाला, कागद मेलने गेले. ताईंना फोन केला, तेव्हा त्या पणजी ओलांडून झुवारी पुलावर पोचल्या होत्या.

संध्याकाळी त्या परतल्या. मी गरम उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, आणि भाजी घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि सगळ्यांसमोर गुन्हा कबूल केला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. उंड्याचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला.

“सूचना बरी होती, पुता,” त्या म्हणाल्या. “पोचली असती, तर तूही वाचली असतीस.”